बाखची जयंती: 21 मार्च की 31 मार्च, आणि त्या दिवशी गायचे काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नोकरीनिमित्त जर्मनीतील एका लहान गावात राहता, तिथल्या चर्चच्या चाळीस जणांच्या हौशी गायनवृंदात टेनर गाता, आणि मार्च 2027 मध्ये जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखची जयंती साजरी करण्यासाठी नेमलेल्या समितीत तुमचे नाव घातले गेले आहे. समितीतील निम्मे लोक 21 मार्च म्हणतात, निम्मे 31 मार्च. सर्वांच्या कानावर असलेल्या रचनांचे तुकडे एकापुढे एक घ्यावेत की बी मायनर मास या त्याच्या मोठ्या उपासना-रचनेतील काही भाग घ्यावेत, यावरही एकमत होत नाही. शिवाय 342 हा काही गोल आकडा नाही, तेव्हा 2035 मधील 350व्या जयंतीपर्यंत थांबावे का, अशी शंका कुणीतरी काढली आहे. तुम्ही स्वतः संगीत शिकलेले नाही, त्यामुळे बैठकीत काय बोलावे हे तुम्हाला सुचत नाही.

मी पुण्यात पियानो शिकले, पुढे जर्मनीत चर्चसंगीताचे शिक्षण घेतले आणि गेली 22 वर्षे ऑर्गन वाजवणे आणि हौशी गायनवृंद बसवणे हेच माझे काम आहे. या काळात बाखच्या नावाने लहानमोठे बरेच कार्यक्रम केले; काही साधले, काही साधले नाहीत. त्या अनुभवावरून मला असे वाटते की तुमच्या समितीपुढचा खरा प्रश्न तारखेचा नाही. चाळीस हौशी गायकांनी वर्षभर कशावर मेहनत घ्यावी, म्हणजे त्या एका संध्याकाळी ऐकणाऱ्याला बाख सलगपणे भेटेल आणि कार्यक्रम संपल्यावर गावात त्याचे काही मागे उरेल, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर ठरले की तारीख, रचना आणि खर्च या तिन्ही गोष्टींचा निर्णय सोपा होतो.

तरीही तारखेचा वाद मिटवल्याशिवाय बैठक पुढे सरकणार नाही, म्हणून आधी तो घेते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. बाख 1685 साली आयझेनाख येथे जन्मला, तेव्हा जर्मनीतील प्रोटेस्टंट राज्ये जुने ज्युलियन कॅलेंडर वापरत होती आणि कॅथलिक राज्ये नवे ग्रेगोरियन. त्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. आयझेनाखच्या लोकांच्या दृष्टीने तो दिवस 21 मार्च होता, तर त्याच दिवशी व्हेनिसमध्ये 31 मार्च होता. पुढे 1700 साली प्रोटेस्टंट राज्यांनी 18 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च धरून हे अंतर मिटवले. बाख तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्यामुळे त्याच्या मृत्यूच्या तारखेबद्दल, म्हणजे 28 जुलै 1750 बद्दल, असा कोणताही घोळ नाही. शिवजयंती तारखेने करावी की तिथीने, ही चर्चा ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे कोडे समजायला अवघड जाऊ नये: दिवस एकच, मोजण्याच्या रीती दोन.

मी स्वतः 21 मार्चच्या बाजूची आहे. त्याचा बाप्तिस्मा आयझेनाखच्या गेओर्गेन चर्चमध्ये झाला, तो 23 मार्चला, म्हणजे त्याच जुन्या गणनेने. 1754 मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या मृत्युलेखातही, ज्याच्या लेखकांमध्ये त्याचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल होता, 21 मार्च हीच तारीख दिली आहे. घरच्या माणसांनी जो दिवस मानला तोच आपण मानावा, असे मला वाटते. परंतु कुणी 31 मार्चला कार्यक्रम केला तर तो चूक ठरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

तारीख चुकली म्हणून स्मरण वाया जात नाही, याची दोन मोठी उदाहरणे समितीला जरूर सांगा. संगीतकार हँडेल बाखच्याच वर्षी, 23 फेब्रुवारी 1685 रोजी, हाल्ले येथे जन्मला आणि लंडनमध्ये वारला. त्या काळी इंग्लंडमध्ये कायदेशीर नवे वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीचा जन्म आदल्या सालात धरला जाई. वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्याच्या स्मारकावर जन्मसाल 1684 असे कोरले गेले, आणि त्या हिशेबाने 1784 च्या मे आणि जून महिन्यांत त्याच ॲबीत त्याची जन्मशताब्दी साजरी झाली, म्हणजे एक वर्ष आधीच. पाचशेहून अधिक गायक-वादक त्यात होते. त्या कार्यक्रमांतून जमलेला पैसा वृद्ध आणि गरजू संगीतकारांच्या निधीला व एका रुग्णालयाला गेला. दुसरे उदाहरण बाखचेच आहे. वीस वर्षांचा संगीतकार मेंडेल्सोन याने 11 मार्च 1829 रोजी बर्लिनमध्ये सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या दुःखभोगाची कथा सांगणारी बाखची रचना, पुन्हा उभे केले, ते त्या रचनेच्या पहिल्या प्रयोगाला शंभर वर्षे झाली अशा समजुतीने. आज अभ्यासक पहिला प्रयोग 1727 चा मानतात. शताब्दी दोन वर्षांनी चुकली होती, पण त्या प्रयोगाने बाखचे मोठे गायनसंगीत पुन्हा लोकांपुढे आणले. त्याचाच दुसरा प्रयोग 21 मार्चला, बाखच्या जयंतीला झाला.

आता तुमच्या वर्षाकडे वळू. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे 21 मार्च हा झावळ्यांचा रविवार आहे. येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला आणि लोकांनी त्याच्या वाटेवर झावळ्या व अंगावरची वस्त्रे अंथरली, त्या प्रसंगाचा हा दिवस. जयंती आणि हा रविवार एकाच दिवशी येणे हा योग रोज जुळणारा नाही, आणि नेमक्या याच रविवारासाठी बाखने लिहिलेला एक कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, आपल्या हाती आहे. उलट 31 मार्च 2027 हा ईस्टरनंतरचा बुधवार आहे. त्या आठवड्यात निम्मा वृंद गावाबाहेर असेल. सुट्ट्यांच्या तारखा राज्यानुसार बदलतात, तेव्हा आपल्या राज्याचे वेळापत्रक आधी पाहून घ्या. पण एवढ्यावरूनही 21 तारखेचे पारडे जड होते, आणि त्यासाठी कुणाचे मत खोडून काढावे लागत नाही.

रचनांच्या निवडीवर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण माझी मोठी चूक इथेच झाली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका जयंतीला मी असा कार्यक्रम आखला की त्यात तिसऱ्या सुइटमधील प्रसिद्ध एअर, डी मायनरमधील टोकाटा, दोन कोराल, ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोतील एक भाग, एक आरिया, म्हणजे एकल गीत, आणि शेवटी ख्रिसमस ऑराटोरियोमधील पहिला कोरस अशा सात गोष्टी होत्या. मार्च महिन्यात ख्रिसमसचा कोरस! चर्च भरले, टाळ्याही पुष्कळ पडल्या. पण प्रत्येक तुकड्यानंतर खुर्च्या हलत, वादक उठत-बसत, पुन्हा सूर लावले जात, आणि कोणत्याही रचनेचा परिणाम मनात उतरायच्या आत पुढची सुरू होई. वृंदाची स्थिती त्याहून वाईट होती. तीन महिने तालमी करूनही त्यांनी एकूण अकराच मिनिटे गायली होती, आणि ती अकरा मिनिटे एकमेकांशी काहीही संबंध नसलेली होती. पुढच्या आठवड्यात तालमीला आलेल्या एका आल्टो गायिकेने मला सरळ विचारले, "आपण नक्की काय केले?" मला उत्तर देता आले नाही.

गाण्याच्या मैफलीत एखाद्या रागाची बंदिश दोन मिनिटे, मग दुसऱ्याचा तराणा, मग तिसऱ्याचे आलाप असे ऐकवले तर तुम्हाला कसे वाटेल, याचा विचार करा. बाखचा कॅन्टाटा हेही असेच एकसंध बांधलेले काम आहे. त्यात धर्मग्रंथातील वचन असते, त्यावरचे काव्य असते, एकट्याने केलेली विनवणी असते आणि बहुधा शेवटी सर्वांच्या ओळखीच्या भजनासारखा कोराल असतो. या क्रमातच त्याचा अर्थ आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की एकच कॅन्टाटा घ्या आणि तो पूर्ण गा.

तुमच्यासाठी तो कॅन्टाटा बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची क्रमांकसूची) 182, 'हिमेल्सक्योनिग, साय विलकॉमेन', म्हणजे 'स्वर्गीच्या राजा, तुझे स्वागत असो'. मार्च 1714 मध्ये वायमारच्या दरबारात बाखला कॉन्सर्टमास्टर हे पद मिळाले आणि दर महिन्याला एक नवा कॅन्टाटा देण्याची जबाबदारी आली. त्या पदावरील हा त्याचा पहिला कॅन्टाटा, 25 मार्च 1714 च्या झावळ्यांच्या रविवारी सादर झालेला. तेव्हा त्याला एकोणतीस वर्षे पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते. पुढे लाइपझिगमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमध्ये वाद्यांसह संगीत करण्याची रीत नव्हती; त्या काळात येणारा मारियेच्या शुभवार्तेचा सण, म्हणजे येशूच्या जन्माची वार्ता देवदूताने तिला दिली तो दिवस, याला अपवाद होता. म्हणून बाखने 1724 मध्ये हाच कॅन्टाटा तिथे त्या सणाला घेतला. नवी नोकरी आणि नवा उत्साह या रचनेत जागोजागी ऐकू येतो.

हिचा व्यावहारिक फायदाही मोठा आहे. वाद्ये फार थोडी लागतात: एक रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून वाजवायची लाकडी बासरी, एक व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो, खर्जासाठी एक मोठे तंतुवाद्य आणि एक लहान ऑर्गन. सात वादकांत काम भागते. एकूण वेळ साधारण अर्धा तास. सुरुवातीला केवळ वाद्यांचा एक भाग आहे. त्यात खालची तंतुवाद्ये गजाऐवजी बोटाने छेडली जातात आणि त्यावर रेकॉर्डर आणि व्हायोलिन एकमेकांना उत्तर देत थबकत, ठुमकत पुढे येतात. राजाची स्वारी येत आहे, पण ती गाढवावरून येत आहे, हे त्या चालीत इतके नेमके आले आहे की मी पहिल्या तालमीला वृंदाला काहीही न गाता हा भाग फक्त ऐकायला लावते. त्यानंतरच्या कोरसमध्ये एकेक आवाज आधीच्या आवाजाच्या मागोमाग त्याच स्वागताच्या ओळीवर आत येतो, जणू वेशीवर गर्दी वाढत जाते.

आल्टोच्या आरियाचे शब्द 'स्वतःला तारणहाराच्या पायाखाली अंथरा' असे आहेत. तिथे रेकॉर्डरची ओळ पुन्हा पुन्हा वरून खाली उतरते, एखादे वस्त्र हळूच जमिनीवर पसरावे तशी. टेनरची आरिया केवळ चेलो आणि ऑर्गनच्या साथीने आहे. सुखात आणि दुःखात मला तुझ्यासोबत येऊ दे, अशी ती विनवणी आहे. तुम्ही टेनर आहात म्हणून आवर्जून सांगते, ती वाचायला साधी दिसली तरी गायला फार कठीण आहे. ती वृंदातील हौशी गायकाला देऊ नका, तयार गायक बोलवा. सातव्या भागात सोप्रानो एका जुन्या कोरालची चाल लांब स्वरांत गातात आणि बाकीचे तीन आवाज खाली तीच चाल लहान स्वरांत विणत जातात. शेवटचा कोरस नाचऱ्या लयीचा आहे. तुमच्या वृंदाला सर्वाधिक वेळ त्यालाच लागेल, कारण प्रत्येक प्रवेश पटकन आणि नेमका यावा लागतो.

बी मायनर मासबद्दल मला आदरापलीकडे काही नाही, आणि म्हणूनच ती तुकड्यांत घेऊ नये असे वाटते. त्यातील बरेच कोरस पाच आवाजांचे आहेत, एक तर आठ आवाजांचा; तीन ट्रंपेट आणि टिंपानी लागतात. ज्या वृंदात टेनर मोजकेच आहेत तिथे त्या कोरसमध्ये टेनर ऐकूच येत नाहीत. गावात हॉर्न वाजवणारे चांगले वादक असतील आणि थोडा जास्त पैसा असेल, तर पर्याय म्हणून बीडब्ल्यूव्ही 1, 'वी श्योन लॉयख्टेट डेर मॉर्गेनस्टेर्न' विचारात घ्या. तो 25 मार्च 1725 चा आहे. त्या वर्षी शुभवार्तेचा सण आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी आले होते. त्याच्या मुळाशी असलेले फिलिप निकोलाईचे गीत आजही जर्मन चर्चमध्ये लोकांना पाठ असते. मात्र त्याला दोन हॉर्न, ओबोए दा काच्चा नावाची दोन दुर्मीळ वाद्ये आणि दोन एकल व्हायोलिन लागतात, आणि ती सगळी वाजवणारी माणसे गावात सहसा मिळत नाहीत.

आता काही गोष्टी अशा, ज्या तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि ज्यांचा निर्णय मी इथे बसून देऊ शकत नाही. पहिली गायकांच्या संख्येची. लाइपझिगच्या नगरपालिकेला 1730 मध्ये दिलेल्या निवेदनात बाखने प्रत्येक आवाजाला किमान तीन आणि शक्य तर चार गायक मागितले होते, म्हणजे एकूण बारा ते सोळा. तो तर प्रत्यक्षात एकेका आवाजाला एकच गायक वापरत असे, असेही काही अभ्यासक मानतात. वायमारच्या त्या लहान चॅपेलमध्ये चाळीस गायक नव्हतेच. चाळीस जण एका रेकॉर्डरसमोर गाऊ लागले तर रेकॉर्डर बुडते. माझ्या वृंदात मी दोन मोठे कोरस आणि कोराल सर्वांकडून गाऊन घेतले आणि तिथे व्हायोलिन-व्हायोला दुप्पट केले; त्यामुळे कुणालाही घरी बसवावे लागले नाही. तुमच्या चर्चमध्ये आवाज किती वेळ घुमतो यावरही हे ठरेल. घुमारा जास्त असेल तर गायक कमी आणि लय किंचित संथ ठेवावी लागते, आणि भरलेल्या चर्चमध्ये तो घुमारा कमी होतो हेही लक्षात ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट पट्टीची, आणि इथे मी स्वतः पोळले आहे. जुन्या पद्धतीची वाद्ये वाजवणारे कलाकार आज बहुधा 415 हर्ट्झला सूर लावतात, तर तुमच्या चर्चचा ऑर्गन आणि घरातला पियानो 440 च्या आसपास असतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पट्टी अर्ध्या सुराने उतरलेली असते. एका कार्यक्रमासाठी मी पेटीच्या आकाराचा लहान ऑर्गन भाड्याने मागवला. तो दोन्ही पट्ट्यांत चालतो असे मला फोनवर सांगितले होते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी उघडून पाहिले तर कळफलक सरकवण्याची सोय त्यात नव्हतीच. तंतुवाद्ये उतरवून लावलेली, गायकांचे कान तीन आठवडे त्या सुरांना सरावलेले, आणि ऑर्गन अर्धा सूर वर. शेवटी ऑर्गनवादकाने संपूर्ण साथ मनातल्या मनात अर्ध्या सुराने खाली उतरवत वाजवली. त्याच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो. तेव्हा पट्टी कोणती हे वादकांना, ऑर्गन देणाऱ्याला आणि संचालकाला लेखी कळवा आणि वाद्य आदल्या दिवशी मागवा. गावातले शाळेत शिकवणारे वादक आधुनिक वाद्यांवर 440 ला वाजवणार असतील तर तेही पूर्णपणे चालते. चांगले वाजवणारा शेजारचा शिक्षक मला दूरच्या नामवंतापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

तिसरी गोष्ट पाद्रीबाईंची किंवा पाद्रीबुवांची संमती. झावळ्यांच्या रविवारी सकाळी उपासना असतेच. काही ठिकाणी पूर्ण कॅन्टाटा उपासनेतच घेतात, आणि मुळात तो त्यासाठीच लिहिलेला आहे. माझ्या अनुभवात हौशी वृंदाला सकाळी दहा वाजता आवाज मोकळा मिळत नाही, म्हणून मी सकाळी फक्त कोराल आणि संध्याकाळी पाच वाजता पूर्ण कॅन्टाटा असे करते. परंतु पाद्रींची इच्छा सकाळची असेल तर ती मान्य करणेच योग्य, कारण ज्या प्रसंगासाठी हे संगीत लिहिले गेले तो प्रसंग तिथे प्रत्यक्ष घडत असतो.

तालमींबद्दल थोडेसे. ऑक्टोबरपासून आठवड्याला एक तालीम धरली तर वेळ पुरतो. मी प्रत्येक कोरस प्रथम न गाता, फक्त शब्द लयीत बोलायला लावते. मग एकाच स्वरावर. मग 'नू' या अक्षरावर पूर्ण चाल. आणि शब्द व चाल एकत्र अगदी शेवटी. वृंदातील एक वयस्कर बास गायक कानामागे पेन्सिल अडकवून बसत आणि शेजाऱ्याशी ठरवून श्वासाच्या खुणा करीत, म्हणजे दोघांचा श्वास एकाच ठिकाणी पडणार नाही. ती सवय मी पुढे सर्वांना लावली, कारण बाखच्या लांब ओळींत संपूर्ण विभागाने एकदम श्वास घेतला की ओळ तुटते. स्वरलिपी मात्र प्रत्येकाला विकत घेऊन द्या. बाख हक्कमुक्त आहे, पण छापील आवृत्तीचे हक्क राखलेले असतील तर जर्मनीत तिच्या छायाप्रती काढायला कायद्याने कडक मनाई आहे, आणि चर्चच्या नावाने झालेली अशी चूक महागात पडते.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देते त्या गोष्टीकडे येते. ऐकणाऱ्याला शब्द कळले पाहिजेत. 1714 चे जर्मन आजच्या जर्मन माणसालाही पहिल्या ऐकण्यात पूर्ण कळत नाही. तुमच्यासारख्या परभाषिकाची गोष्ट तर वेगळीच. कार्यक्रमपत्रिकेवर बाखचे चरित्र छापण्याऐवजी कॅन्टाट्याचे शब्द मोठ्या अक्षरांत छापा, आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाऐवजी सुरुवातीला एकाने ते शब्द सावकाश वाचून दाखवावेत. आठ मिनिटे लागतात. भाषण कुणाच्या लक्षात राहत नाही. शब्द लोक घरी घेऊन जातात.

आणि श्रोत्यांना गाऊ द्या. सातव्या भागातील कोरालची चाल मेल्खिओर फुल्पियुसची, 1609 सालची आहे, सोपी आणि सरळ. मी कॅन्टाट्याच्या आधी ती वृंदाकडून साध्या रूपात गाऊन घेतली, मग श्रोत्यांना उभे करून फक्त चाल दोनदा म्हणायला लावली, आणि त्यानंतर वादकांना खूण केली. वीस मिनिटांनी सातवा भाग आला. खालचे आवाज धावू लागले आणि वर सोप्रानोंचा तो लांब, संथ स्वर लागला, तेव्हा तिसऱ्या रांगेतील एक आजीबाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. त्या दाट विणीत त्यांना त्यांचा धागा सापडला होता. तेव्हापासून त्या गावात दर झावळ्यांच्या रविवारी तो कोराल गायला जातो. मी तिथली नोकरी सोडून सहा वर्षे झाली तरीही.

मागे काहीतरी उरावे, असे मी सुरुवातीला म्हटले ते या अर्थाने. बाखच्या बाबतीत हे प्रत्येक मोठ्या स्मरणवर्षात घडत आले आहे. मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या 1850 साली लाइपझिगमध्ये बाख-गेझेलशाफ्ट ही संस्था निघाली आणि तिने पुढची जवळजवळ पन्नास वर्षे खपून त्याच्या रचना 46 खंडांत छापल्या. त्यातल्या पहिल्या खंडात 'मॉर्गेनस्टेर्न' पहिला होता, म्हणून तो आज क्रमांक 1 आहे. दोनशेव्या स्मृतिवर्षात, 1950 मध्ये, वोल्फगांग श्मीडरची ती क्रमांकसूची प्रसिद्ध झाली, जिच्यामुळे मी वर सहजपणे 182 म्हणू शकले. त्याच वर्षी लाइपझिगचे बाख-आर्खीव सुरू झाले. त्या वर्षीच्या लाइपझिगच्या सोहळ्याला आलेल्या रशियन संगीतकार शोस्ताकोविचने परत गेल्यावर चोवीस प्रेल्यूड आणि फ्यूग लिहिले. आपल्याकडेही ही रीत परकी नाही. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज हजारो लोकांना गाणे ऐकवतो, आणि गुरूंचे नाव त्यातूनच घराघरात राहिले आहे. लहान गावाला खंड छापायचे नसतात. पण एक कोराल, श्वासाच्या खुणा केलेल्या स्वरलिपींचा एक गठ्ठा कपाटात जपून ठेवलेला, आणि शाळेतील चार-सहा मुले रेकॉर्डर शिकू लागलेली, एवढे तुमच्या हातून नक्की होऊ शकते. जमलेल्या निधीतून खर्च वजा जाता काही शिल्लक राहिले तर ते या मुलांच्या वाद्यांसाठी वापरा, असे मी समितीला सुचवेन. प्रवेश विनामूल्य ठेवून दारात झोळी धरली तर लहान गावात तिकिटापेक्षा अधिक जमते, असा माझा अनुभव आहे.

2035 बद्दल: थांबू नका. त्या वर्षी 21 मार्च हा ईस्टरपूर्वीच्या आठवड्यातील बुधवार आहे आणि प्रत्येक शहरात कुठली ना कुठली पॅशन असेल. एकही चांगला टेनर वा ओबोवादक मोकळा सापडणार नाही. तोपर्यंत दर दोन वर्षांनी एक कॅन्टाटा केलात तर तुमचा वृंद तेव्हा स्वतःच्या बळावर मोठे काम करू शकेल.

तेव्हा बैठकीत एवढेच मांडा: रविवार 21 मार्च 2027, संध्याकाळी पाच, कॅन्टाटा 182 पूर्ण, शब्दांचे वाचन, आणि सर्वांनी मिळून कोराल. मंजुरी मिळाली की त्याच रात्री पहिला निरोप रेकॉर्डरवादकाला पाठवा. व्हायोला वाजवणारे शोधले की सापडतात. पण ही रचना ज्याच्या खांद्यावर उभी आहे तो रेकॉर्डरवादक झावळ्यांच्या रविवारी बहुधा दुसरीकडे बांधला गेलेला असतो, आणि तो मिळाल्याशिवाय बाकीच्या कुणालाही तारीख देऊ नका.